अंगठ्याआधी वाचून दाखव

"हळदीतच उभी हायस, लाव की चिमूटभर."

हे वाक्य सरांनी वर्गात दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नाकात, बाईचा आवाज काढून. वर्ग हसला. हळद शिजवायच्या कुकरपाशी माझ्या मायच्या पायावर उकळतं पाणी सांडलं, तेव्हा मळ्याचा मालक तिला हे म्हणाला होता.

मी हिंगोलीत समाजशास्त्रात एम.ए. करते. प्रकल्पासाठी प्रत्येकानं दहा मजूर बायांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. पहिली मी मायची घेतली. तिनं सांगितलं तसं लिहिलं.

सर म्हणाले, "तुमच्याकडं असंच बोलतात का गं? ही एम.ए.ची भाषा आहे? एआयमध्ये टाक, नीट करून आण. बाकीच्यांनी तर मुलाखतीच तिथून काढल्यात. खाली अंगठा असला म्हणजे झालं."

मीही हसले. सगळ्यांसोबत, आपल्याच मायवर. आज लिहितानाही स्वतःची किळस येते.

आणि केलंही तसंच. एसटीची वाट बघत डेपोतल्या बाकावर बसून मायचं सगळं बोलणं मोबाईलमध्ये टाकलं. म्हटलं, प्रकल्पाला शोभेल असं कर. अर्ध्या मिनिटात मजकूर हजर. 'कामादरम्यान होणाऱ्या किरकोळ दुखापतींवर पारंपरिक उपचार तत्काळ उपलब्ध होतात. महिला आपल्या कामाबाबत समाधानी आहेत.' समाधानी हा शब्द मायनं जन्मात उच्चारला नसेल. मला ते दिसत होतं. तरी झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली. मार्क हवे होते.

घरी तिच्यापुढं कागद आणि शाईचा पॅड ठेवला. माय वाचून दाखवल्याशिवाय कुठंच अंगठा देत नाही. ग्रामपंचायतीतसुद्धा नाही. पोटच्या पोरीलाही सूट नाही.

"वाच आधी," ती म्हणाली.

मी वाचलं. ती भाकरी थापत ऐकत होती. मधेच हात थांबले.

"ही कोन बाई हाय?"

"तूच की माय."

"म्या न्हाई." तिनं लुगडं घोट्याच्या वर घेतलं. कातडी अजून दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली. "ह्या बाईचा पाय भाजला न्हाई. समाधानी हाय ती. मंग तिलाच म्हणाव, मार अंगठा."

आणि ती परत भाकरीकडं वळली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मालकानं भाजल्या पायावर चिमूटभर हळद तरी सांगितली होती. मी तर तो पायच पुसून टाकला. प्रिंट चुलीत घातली. वही काढली आणि तिचं बोलणं तिलाच वाचून दाखवलं. "व्हय, हे माहं हाय," म्हणाली, आणि अंगठा दिला.

प्रकल्प द्यायच्या दिवशी सरांच्या टेबलावर बाकीच्यांच्या प्रकल्पांचा गठ्ठा पडला होता. वरचे चार चाळले. चारही प्रकल्पांतल्या बाया समाधानी. एका पोराच्या प्रकल्पात तर दहा बायांचे दहा अंगठे हुबेहूब एकच. त्यानं स्वतःचाच अंगठा दहादा उमटवला असणार.

मी माझ्या दहाही मुलाखती बायांनी सांगितल्या तशाच दिल्या. शेवटच्या पानावर लिहिलं: तक्ते एआयकडून करून घेतले, आकडे स्वतः तपासले. मुलाखतीतला एकही शब्द त्याला बदलू दिलेला नाही.

सरांनी ते पान वाचलं. "असल्या प्रकल्पावर पास होशील का? नीट करून आणला असतास तर कुणाला कळणार होतं?"

"मायला कळलं असतं, सर."

निकाल अजून लागायचाय. लागेल तसा लागो. नापास केलं तर पुढच्या वर्षी हाच प्रकल्प पुन्हा देईन. हळदीचं ते वाक्य पहिल्या पानावर घेईन. तोंडी परीक्षेत सरांपुढं उभी राहून ते मी वाचीन, मायनं सांगितलं तसं. कुणी हसलं तर थांबेन. त्याचं हसून झालं की पुन्हा वाचीन.