आप्पासोची हाळी

दगडाबाईच्या नवऱ्याची, आप्पासोची हाळी आटपाडीकडच्या माळावर सगळ्यांच्या ओळखीची होती. आधी घशातून एक लांब 'हिर्रर्र', मग जिभेची टकटक आणि शेवटी 'आऽव'. एवढं कानावर पडलं की मेंढरं तोंडातला पाला टाकून त्याच्याकडं निघत. दगडाबाई जन्मभर कळपाच्या मागं चालली, लंगडी, गाभण, नुकती व्यालेली मेंढी सांभाळत. पुढून बोलावणारा तो, मागून राखणारी ही, असा सगळा संसार गेला. त्यामुळं आप्पासो पोटाच्या दुखण्यानं गेला तेव्हा पंचाईत अशी झाली, की या बाईला स्वतःची हाळीच नव्हती.

तिनं त्याच्यासारखं ओरडून पाहिलं. मेंढरांनी माना वर केल्या, तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. त्या दिवशी ती माळावर बसून रडली, नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती एवढी. शेजारच्या वस्तीवरचा ज्योतिबा म्हणाला, "वैनी, इकून टाका मेंढरं. बाईमान्साचं काम न्हवं ह्ये." ती म्हणाली, "माजं मी बघते." हट्टी बाई! पुढं चालणाऱ्या म्होरकी मेंढीच्या गळ्यात घंटा बांधून, मागून हाकत हाकत, पावसाळा सरेपर्यंत तिनं कळप कसाबसा हाताशी आणला. त्या कळपाशिवाय आप्पासोचं तिच्याकडं उरलं होतंच काय? फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, आणि तो भलत्याच कुणाचा वाटावा असा.

आवाज मात्र होता. तो मुलाकडं होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मल्हार कराडला एका साउंड सिस्टीमवाल्याकडं कामाला. मिरवणुकांना स्पीकर लावायचे आणि उरल्या वेळात लॅपटॉपवर स्वतःचं संगीत रचायचं. पेटी नाही, तबला नाही, सगळं यंत्रातून निघालेलं. मागच्या दिवाळीत त्यानं बापाची हाळी मोबाइलवर टेप करून घेतली होती. आता तिच्याखाली त्यानं ठोका बसवला. पुण्यातली दोन पोरं भाड्याच्या खोलीतून गाणी काढणारं एक लेबल चालवत, कुठल्या बड्या कंपनीच्या दावणीला न बांधलेलं. त्यांना ते ऐकून वेड लागलं. त्यांच्याकडून नवी रेकॉर्ड इंटरनेटवर यायचा दिवस ठरला, तसा मल्हार मालकाचे दोन मोठे स्पीकर टेम्पोत घालून सकाळीच वस्तीवर आला.

"आये, आप्पा हाय त्यात," तो म्हणाला. "दुपारी रिलीज हाय. पयलं तू ऐकायचं."

दगडाबाई काठी टेकत त्याच्याजवळ आली. "त्येंचा आवाज? खरंच?"

"व्हय. आज घरीच ऱ्हा."

"आन् मेंढरं उपाशी ठिऊ व्हय रं? मी डांबरी सडकंच्या पल्याड आसते. तू मोठ्यानं लाव. तितं आलं पायजे मला ऐकू."

दोघंही धनगराची, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. पोराला आई दिसत होती, आईला नवरा. मेंढरांनाही कान असतात, हे त्या दिवशी दोघंही साफ विसरली.

दुपारी आधी नुसते ठोके आले, जमिनीतून पायाला लागणारे. मेंढरं चरत राहिली. आणि मग आप्पासो बोलावू लागला.

दगडाबाईनं पदर तोंडाशी धरला. तोच घसा, तीच टकटक. तिनं डोळे मिटले. राखणीला उभी असलेली बाई राखण सोडून ऐकत राहिली. हाळी पुन्हा आली, पुन्हा आली. मल्हारनं ती कापून एकामागं एक जोडली होती. जिता आप्पासो एकदा बोलावून थांबायचा. हा थांबेना.

म्होरकीची घंटा तिच्या अंगाजवळून पुढं गेली तेव्हा तिनं डोळे उघडले. कळप डांबरीवर चढला होता. उताराच्या बाजूनं उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागं दोन ट्रॉल्या, वर त्याचा स्वतःचा टेप मोठ्यानं चालू. तिनं बोंब मारली, काठी फेकली. पण मागून दगडाबाई ओरडतेय आणि पुढून आप्पासो बोलावतोय, तर कुणाचं ऐकायचं हे मेंढरांना कोकरू असल्यापासून ठाऊक होतं.

ट्रॅक्टर थांबला तो कळप ओलांडूनच. मल्हार धावत आला. मागं वस्तीवर बाप ओरडतच होता. अखेर ज्योतिबानं जाऊन वायर उपसली. वाचलेली मेंढरं बुजून पलीकडच्या ज्वारीत घुसली होती. मल्हारच्या खिशात फोन सारखा वाजत होता. कुठली कुठली माणसं लिहीत होती की असलं काही आजवर ऐकलं नाही. मेल्यांनो, ऐका सावकाश!

"आये, म्या इंटरनेटवरनं काढाय सांगतो त्ये," मल्हार रडत म्हणाला. "आत्ताच्या आत्ता फोन लावतो पुन्याला."

दगडाबाई म्होरकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. उन्हं कलायला लागली. माळावर लांडग्यांचा वावर होता आणि ज्वारीतली मेंढरं बाहेर येईनात. तिनं बोलावलं, ज्योतिबानं बोलावलं. पान हललं नाही.

ती उठली. लुगड्याला रक्त लागलं होतं.

"लाव परत."

"आये..."

"बारीक लाव. फोनवरच. ऱ्हायल्याली घरला न्यायाची हायत."

तिनं फोन हातात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती पुढून चालू लागली. मुठीत आप्पासो बोलावत होता. ज्वारीतून एक मेंढी बाहेर आली, मग आणखी काही. लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन मल्हार सगळ्यांच्या मागं चालला. दगडाबाईनं मेंढरांच्या वाड्यापर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नाही. किती उरली, ते तिला बघायचं नव्हतं.