बांगड्या सरकवणारा हात

भूत-बित, अंगात येणं, असलं मी काही मानत नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खालचं वाचून कोणी मले भोळा समजू नये. शाळा तिसरीपर्यंतच, पण जन्म लकडगंजात आरा मशीनवर गेला. लाकूड चिरून आत काय आहे ते दिसलं की मानतो... नाही तर नाही.

बांगलादेशची लढाई झाली, त्याच्या पुढचा उन्हाळा. माझ्या बायकोचं, शांताचं, पिशवीचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं. तिथं मेश्राम सिस्टर होत्या. त्या आधी शांताच्या डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवत, मग मनगट धरत... आणि धरूनच बसत. एकदा मी बोललोच, "सिस्टर, झोप लागली का जी?"

त्यांनी मले व्हरांड्यात नेलं. "भाऊ, नाडी केव्हाचीच मोजून झाली. मी श्वास मोजून राहिली होती. पेशंटले सांगितलं की त्याचा श्वास बदलते. म्हणून हात धरायचा आणि छाती पाहायची. तिले सांगू नका."

नाही सांगितलं. शब्द दिला म्हणजे दिला.

सुट्टी झाली, घरी आलो. एका दुपारी शांता खाटेवर पडली होती, मी बाजूले जेवून राहिलो होतो. दार बंद, खिडकीले ओला पडदा.

"अजी, सिस्टर आल्या काय?"

"या उन्हात कोण येते वं? झोप."

"मंग माझा हात कोणं धरला?"

"ऊन लागलं तुले. कांद्याचा रस लावतो."

"तुमचा कांदा ठेवा तुमच्यापाशी! हात सोडूनच नाही राहिल्या त्या... नाडी पाहाले इतका वेळ लागते काय?"

घास हातातच राहिला. हात धरायचा आणि छाती पाहायची — मी तिची छाती पाहिली. पदर भराभर वर-खाली होऊन राहिला होता. नाकपुड्या फुगलेल्या, ओठ निळसर. आणि उजव्या हातातल्या बांगड्या मनगटावर, डाव्या मात्र कोपरापाशी!

रिक्षा केली, त्याच दवाखान्याकडे निघालो. रस्ताभर मी तिचं मनगट धरून संत्र्याच्या बर्फीचं बोलत राहिलो, डोळे छातीवर. एका वळणावर पदर हललाच नाही... मी बोलतच राहिलो. मग हलला.

डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया पसरला, हिनं संध्याकाळ पाहिली नसती. ऑक्सिजन लागला, शांता वाचली.

मेश्राम सिस्टर तिच्या कोपरापाशी अडकलेल्या बांगड्या बोटानं चाचपून पाहू लागल्या. मी अजून काही सांगितलंही नव्हतं. त्याच बोलल्या, "भाऊ, दुपारी मी खिडकीजवळच्या आजोबांची नाडी पाहून राहिली होती. सवयीनं बांगड्या वर सरकवल्या, काचेच्या... बोटाले लागल्या. श्वास मोजला तर लई जोरात. मंग भानावर आली. आजोबा शांत झोपले होते. त्यांच्या हातात कायच्या बांगड्या?"

पन्नास वर्षं होत आली. मी आजही काही मानत नाही. शांता आहे. बांगड्या भरताना कासाराशी भांडते, डाव्या हातात सैलच पाहिजेत म्हणते. काहून, म्हणून विचारलं तर म्हणते, "सिस्टरले सरकवाले सोपं जाते."