पाच दिवसांचा राजा आणि गोबेर भट्टीवाला

गोबेर भट्टीवाल्याला तुरुंगात टाकलं तेव्हा मुदत कुणी सांगितली नाही. "राजाची मर्जी होईल तोवर," एवढंच कारकुनानं कागदावर लिहिलं. गोबेरला त्यात काही वावगं वाटलं नाही. राजा म्हटला की आज ना उद्या त्याला मर्जी होणारच, असा त्याचा भोळा समज होता.

फ्रान्समधल्या वालब्रूं गावात मठाची भट्टी होती. ती आधी त्याच्या बापानं चालवली, मग यानं. माणूस अंगानं आडवा आणि जिभेनं तिखट, पण पाव असा काढायचा की मठातले साधूसुद्धा प्रार्थना आवरती घ्यायचे. बायको गेली तेव्हा मुलगी एरांबूर सात वर्षांची होती. पोरीला त्यानं भट्टीच्या उबेतच वाढवलं. पाव झाला की नाही, हे ती नुसत्या वासावरून सांगायची.

मग ती पावसाची दोन वर्षं आली. धान्य उभ्या शेतात कुजलं. लोक घेवड्याचं पीठ, ओट, कसली कसली मुळं कुटून आणायचे आणि गोबेर निमूट भाजून द्यायचा. नेमकी त्याच वेळी राजांना शेजारच्या फ्लँडर्स मुलखावर स्वारी करायची हुक्की आली. सैन्यासाठी म्हणून एक शिपाई भट्टीवर आला आणि गव्हाच्या पिठाचं शेवटचं पोतं उचलायला लागला. गोबेरच्या हातात पाव काढायचं लांब फावडं होतं. त्यानं ते शिपायाच्या खांद्यात घातलं. खांदा मोडला, पोतं तरीही गेलंच, आणि पुढे सगळं सैन्य चिखलात रुतून हात हलवत परत आलं.

तुरुंगाचा रखवालदार आंसेल हा गोबेरचा लहानपणचा सोबती. वर्षभरानं, उन्हाळ्यात, तोच बातमी घेऊन आला. राजे चेंडू खेळून घामाघूम झाले, वर गारेगार वाईन प्यायले आणि वारले.

"आता रे?" गोबेरनं विचारलं. "आता कुणाची मर्जी?"

आंसेलनं डोकं खाजवलं. "राणीसाहेब पोटुशा आहेत. मुलगा झाला तर तो राजा."

"आणि तोवर?"

"तोवर त्यांचे दीर राज्य बघतायत. पण तुझ्या कागदावर दीर नाही लिहिलेलं. राजा लिहिलंय."

झालं! धडधाकट माणूस एका न जन्मलेल्या बाळाच्या मर्जीवर अडकून पडला. खिडकीखालून जाताना लोक हाका मारायचे, "काय गोबेर, राजे लाथा मारायला लागले का?" सुरुवातीला गोबेरही हसायचा. पण मठानं निरोप धाडला की भट्टी बाईमाणसाच्या नावानं चालत नाही. नाताळाआधीचे उपास सुरू व्हायच्या आत गोबेर सुटला नाही, तर भट्टी ब्रिसारला. हा ब्रिसार साठीचा, दोन बायका पुरून बसलेला. त्यानं वर तोंड करून सांगितलं होतं, "भट्टी घेईन, पण पोरीसकट. तिच्याशिवाय ती भट्टी मला काय कळणार?" पोरीला दुसरं घर नव्हतं. भट्टीमागची खोली हेच तिचं घर.

नोव्हेंबरात एका सकाळी गावच्या घंटा वाजायला लागल्या. आंसेल जिने चढत ओरडत आला, "मुलगा झाला रे! राजे जाँ! सुटलास लेका!"

राजाघरी मुलगा झाला की कैदी सोडायचे, ही रीतच होती. कारकुनानं माफीचा कागद लिहिला. येत्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की चौकात वाचायचा, असं ठरलं.

गुरुवारी दुपारी आंसेल हळूच म्हणाला, "राजाचा कारभारी शिकारीला गेलाय. मी दार लोटून ठेवतो. जा तू, पोरीला घेऊन नदीपार हो."

"वेडा की काय! तीन दिवसांनी राजाच्या नावानं सुटणार आणि आज चोरासारखा पळू? पळालेल्याला मठ भट्टी देईल का?"

"अरे, राजेलोकांचा काय भरवसा..."

"अर्धा कच्चा पाव मी जन्मात बाहेर काढला नाही, आंसेल. रविवार होऊ दे."

रविवारी एरांबूरनं धुतलेला सदरा आणून दिला. गोबेर दाढी करून, माफीच्या रीतीप्रमाणे अनवाणी, हातात मेणबत्ती धरून चौकात उभा राहिला. गाव लोटलं होतं. कारकुनानं घसा साफ केला. "जाँ, देवाच्या कृपेने फ्रान्सचे राजे, या कागदाने..."

तेवढ्यात चिखलानं माखलेला एक स्वार गर्दीतून आत घुसला आणि कारभाऱ्याच्या कानाशी लागला. कारभाऱ्यानं टोपी काढली.

"पुढे वाचू ना?" कारकुनानं विचारलं.

"कुणाच्या नावानं वाचतोस? राजे शुक्रवारी गेले. पाच दिवसांचे होते."

सगळा चौक गुडघ्यांवर बसला. उभा होता एकटा गोबेर. "पण मालक, लिहिलं तेव्हा जिवंत होते ना?"

"लिहिलं तेव्हा होते. वाचताना नव्हते."

"अर्धं वाचून झालंय!" एरांबूर किंचाळली. "अर्धा तरी सोडा माझा बाप!"

आंसेलनं गोबेरचं कोपर धरलं. "चल. पायरी निसरडी झालीय, जपून."

उपास लागायच्या आदल्या दिवशी एरांबूरचं ब्रिसारशी लग्न लागलं. गोबेरच्या खिडकीतून भट्टीचं धुराडं तेवढं दिसायचं. त्या दिवशी त्यातून पहाटेपासून धूर निघत होता आणि गोबेर लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी एरांबूर गजांशी पाव घेऊन आली.

"कसा आहे तो?"

"म्हातारा आहे. पीठ मळताना मधे येत नाही. खा, बाबा."

त्यानं पाव तसाच बाजूला ठेवला. "पोरी, तुला सांगायचंय. गुरुवारी आंसेल मला सोडत होता. मीच नाही म्हटलं. तुझ्यासाठीच, भट्टीसाठी..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आंसेलकाकांनी मला त्या गुरुवारी सकाळीच सांगितलं होतं. मी बोचकं घेऊन नावेपाशी उभी होते, बाबा. अंधार पडेपर्यंत."

एवढं बोलून ती भट्टीकडे गेली, नाहीतर पाव जळला असता.

गोबेर त्यानंतर नऊ वर्षं जगला. राणीचे दीर राजे झाले आणि वारले, मग त्यांचे धाकटे भाऊ आले. गोबेरवर मर्जी करावी असं दोघांनाही सुचलं नाही. पुढे पुढे तर आंसेल दर गुरुवारी दुपारी दार लोटून ठेवायचा. गोबेर उठून उंबऱ्यापर्यंत जायचा, तिथून नदीकडे बघायचा. नावेपाशी कुणी उभं नसायचं. मग तो आत येऊन बसायचा आणि आंसेलला म्हणायचा, "लाव रे दार, वारा येतोय."