पंचेचाळिशीची केबिन

नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा बाबांनी माझी पंचेचाळिशी हातात घेतली. अंधेरीला मरोळच्या बाजूला पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी होती, तिच्या डिस्पॅच खात्यात मी कारकून होतो. ट्रकवर माल चढतोय का बघायचं, चलनं लिहायची, दुपारी डबा खायचा. यात काही कमी आहे असं मला वाटत नव्हतं. बाबांना वाटत होतं. गिरणी बंद पडल्यापासून ते मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन होते आणि गेटवर बसून विचार करायला त्यांना भरपूर वेळ मिळायचा.

माणसाला पंचेचाळिशीत केबिन मिळाली पाहिजे आणि तिची तयारी विशीतच सुरू झाली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मग टायपिंग शिकू का?" मी विचारलं.

"टायपिंग कोणपण शिकता. तू यंदा गणपतीक गावाक येव नको."

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या घाटकोपरच्या चाळीत गणपतीच्या आठवड्यात दारोदार कुलूप लागायचं, कारण सगळे कोकणातले. त्यात गावच्या घरचा गणपती विसर्जनाला डोक्यावरून ओढ्यापर्यंत न्यायचा मान आजोबांनंतर माझ्याकडे आला होता. वर्षभरात मला कुणी वाट करून देत असेल, तर ते त्या पायवाटेवर. तेच बाबा काढून घेत होते.

"आमच्या खात्यात एक होतो," बाबा म्हणाले. "तो गणपतीत थांबलो. मालकान बघल्यान. जॉबर झालो. मी गावाक गेलंय, विणकरच रवलंय."

पुढे गिरणी बंद पडली तेव्हा तो जॉबर आणि बाबा एकाच रांगेत उभे होते. पण हे बोलून दाखवायची माझी टाप नव्हती. मी एवढंच विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी जातंय. माझी पंचेचाळिशी होवन गेली."

आईबाबांची एसटी सुटली तेव्हा मला खरंच रडू येत होतं.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून लवकर कामावर गेलो. मोठे साहेब राउंडला आले की मी आधी दिसावं, म्हणून टेबल दाराच्या बाजूला सरकवलं. साहेब शुद्ध मराठी बोलायचे, त्यामुळे ते पुण्याचे असणार आणि सुट्टीवर गेलेले नसणार, असा माझा हिशोब होता. जेवणाची वेळ झाली तरी माझ्याकडे बघायला कुणी आलं नाही.

आल्या त्या टेलिफोन ऑपरेटर बाई. त्या मानखुर्दला राहायच्या, घरचे बौद्ध, त्यामुळे गणपतीचा आणि त्यांच्या रजेचा संबंध नव्हता.

"तू कसा रे इथे? रजा नाकारली?"

"नाही, मीच थांबलो. साहेबांच्या नजरेत यायला."

"कुठल्या साहेबांच्या? ते गेले की वेंगुर्ल्याला." त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. "मी लागल्यापासून दर गणपतीत इथेच असते. मला दिली का कुणी केबिन? खा."

मी खाल्ली. वाट लागली होती, पण भाकरी चांगली होती.

दुपारी बाईंनी साहेबांचा ट्रंक कॉल मला जोडून दिला. मी उभा राहूनच बोललो. पलीकडे टाळ वाजत होते आणि साहेबांचं शुद्ध मराठी कणकवलीच्या अलीकडेच उतरून गेलं होतं.

"तू थंय काय करतंस? तुमच्याकडे गणपती नाय?"

"आहे सर. गावाला."

"मगे? घरात काय वाद झालो?"

"नाही सर, म्हटलं काम..."

"काम खंय पळान जाता, मेल्या?" आणि लाइन कट झाली.

आठवड्याने सगळे परतले, तेव्हा माझ्या घरची भाऊबंदकी कंपनीभर पोचली होती. हेडक्लार्क खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जमिनीवरून ना? आमच्याकडेही झालं." कॅन्टीनवाला काही न विचारता ताटात जास्तीचा वडा टाकू लागला. शेवटी साहेबांनी, आता परत शुद्ध मराठीत, वडिलांना घेऊन यायला सांगितलं.

बाबांना वाटलं, बढती. "एका वर्षात," ते आईला म्हणाले आणि ठेवणीतला शर्ट काढला. गावाहून आल्यापासून त्यांच्या मानेला बामाचा वास येत होता. एसटीच्या खिडकीतला वारा लागला, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांनी वास जावा म्हणून वर पावडर थापली.

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग घरचा गणपती कसा एकत्र हवा, पोरं चुकली तरी मोठ्यांनी पोटात घालावं, हे चहा निवेपर्यंत समजावलं. थांबवणारे आपणच, हे सांगायची बाबांची हिंमत झाली नाही. ते मान हलवत राहिले, हलवताना तोंड वाकडं करत राहिले आणि साहेबांना वाटलं, गहिवरले. निघताना बाबांनी हात जोडले. "पुढच्या वर्षी घेवन जातंय."

बस स्टॉपपर्यंत मी शिव्यांची वाट बघत होतो.

"साहेबान माका बस म्हटल्यान," बाबा म्हणाले. "गिरणीत केबिनीत गेलंय तेव्हा उभोच." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "खुर्ची बरी आसा. तुका शोभात."

मला त्यांची भयंकर माया आली. पुढची सगळी वर्षं मी गणपतीला गावी गेलो.

केबिन मिळाली, पण पंचेचाळिशी केव्हाच उलटून गेल्यावर. बाबा खूप थकले होते, तरी त्यांना मुद्दाम टॅक्सीने नेलं, समोरच्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला. त्यांनी टेबलावरून हात फिरवला.

"गणपतीची रजा हंय कोण देता?"

"मीच देतो, बाबा."

"मगे पयली तुझी घाल," ते म्हणाले. "त्या वर्षी तुझ्या जागेवर गणपती मी उचललंय, ती मान अजून दुखता."