प्रश्न एकतीस, उत्तर नव्व्याण्णव

सर्व्हेच्या फॉर्मवर उजव्या बाजूला 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो. चौकटीतले आकडे कॉम्प्युटरमध्ये जातात, शेरा कुणी वाचत नाही आणि तीन वर्षांनी सगळे फॉर्म रद्दीत जातात. आमच्याकडचे किस्से साठतात ते नेमके या रकान्यात. मी बी.ए. अर्धवट सोडून पुण्यातल्या या संस्थेत फॉर्म तपासायला लागलो, तेव्हापासून रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी चांगले शेरे डायरीत उतरवून घेतो. डायऱ्यांनी आता घरातलं एक कपाट खाल्लंय!

आमची संस्था राज्याच्या विकासाचा अभ्यास करते. यंदा विषय होता राज्याची पुढची वाटचाल. त्यात एकतिसावा प्रश्न असा: 'हाच व्यवसाय आणखी किती वर्षं कराल असं वाटतं?' उत्तराला दोन आकड्यांची चौकट. माणूस 'सांगता येत नाही' म्हणाला, तर तिथे ९९ लिहायचं, असा आमचा संकेत. एवढं नव्व्याण्णव लक्षात ठेवा.

*

मंगलताई आमच्या सगळ्यात जुन्या सर्वेक्षक. मार्केट यार्डात कांद्याच्या एका आडत्याकडे गेल्या. चारी बाजूंनी पोती, मध्ये आडते. ताईंनी नियमाप्रमाणे विचारलं, "आपला व्यवसाय?"

"काय दिसतंय? पुस्तकांचं दुकान?"

एकतिसाव्या प्रश्नावर ते म्हणाले, "आधी हा ट्रक रिकामा होऊ द्या. मग विचार करून सांगतो."

ताई पोत्यावर बसल्या. तीन तासांनी ट्रक रिकामा झाला. आडत्यांनी घाम पुसला, खरोखर विचार केला आणि म्हणाले, "नाही सांगता येत, बाई."

मी ताईंना म्हटलं, "तीन तास बसलात आणि मिळालं काय? नव्व्याण्णव!"

"हो," ताई म्हणाल्या, "पण विचार करून दिलेलं!"

*

मांजरी गावाला मी स्वतः गेलो होतो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बारा मजली इमारत, मध्ये खाटेवर आबा.

"व्यवसाय काय लिहू, आबा?"

"ऊस हाय तवर शेतकरी लिवा. थोरला त्या इमारतीत फ्लॅट दाखवायला जातोय, त्याचं बी लिवा. म्हशी हायेत, त्या ऱ्हायल्याच."

"आबा, चौकट एकच आहे."

"मग मला कशाला इचारता? चौकटीलाच इचारा की!"

किती वर्षं, यावर आबा इमारतीकडे बघत बसले. आतून आजींनी ओरडून सांगितलं, "लिवा, काय सांगता येत न्हाय! रोज सकाळी उठून ह्येच म्हणत्यात!"

*

खराडीत आयटीवाला एक मुलगा मंगलताईंना ऑफिसच्या लॉबीत भेटला. प्रश्न ऐकून म्हणाला, "मॅम, फ्रायडेपर्यंत शुअर आहे."

मंगलताई म्हणाल्या, "वर्षं लिहायची आहेत."

"मग झीरो टाका." लगेच त्याने इकडेतिकडे पाहिलं. "नको, नको! झीरो नको, मॅनेजर बघेल. कान्ट से टाका."

*

पेठेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दार अर्धंच उघडलं.

"राज्याच्या भविष्याबद्दल थोडं विचारायचं होतं," मी म्हटलं.

"मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे. भविष्याचं शेजारी विचारा, त्यांच्याकडे बारसं आहे." दार बंद!

*

मग आला तो अहवालाच्या मसुद्याचा दिवस. आमचे संचालक दामले सर खुशीत होते. एकतिसाव्या प्रश्नाखाली मथळा दिला होता: 'नागरिकांचा विलक्षण आशावाद'. सरासरी पाहिली, तर राज्यातला माणूस मेल्यानंतरही बरीच वर्षं त्याच धंद्यात राहणार होता!

आकडेमोड सानिकाची. खराडीची नोकरी सोडून नुकतीच आमच्याकडे आलेली. मी तिला हळूच विचारलं, "बाळ, नव्व्याण्णव बाजूला काढलेस ना?"

तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "काका! हे सगळे डोन्ट नो आहेत? एवढे?"

*

सरांनी तोडगा काढला. "नव्व्याण्णव सगळे वगळा. उरलेल्यांची सरासरी घ्या." तशी घेतली. नवा मथळा तयार झाला: 'नागरिकांना स्थैर्याची खात्री'.

मी केबिनमध्ये गेलो. "सर, खात्री नाही म्हणणारी माणसंच आपण वगळली."

"अहो शिंदे, 'सांगता येत नाही' हे उत्तर नव्हे. तो उत्तराचा अभाव आहे."

"त्या अभावासाठी मंगलताई तीन तास पोत्यावर बसल्या होत्या, सर."

सर म्हणाले, "शासनाला आकडा लागतो." मी म्हटलं, "मग मोजून देतो."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं फॉर्मचे गठ्ठे सोडायला लागलो. मी शेरा वाचायचा, मंगलताईंनी माणूस आठवून सांगायचा, सानिकाने टाइप करायचं. कुणाला पाण्याची खात्री नाही, कुणाला जमिनीची, कुणाला मॅनेजरची. डबे एका हाताने खाल्ले. शेवटचा गठ्ठा संपायला पाच आठवडे लागले. सगळं मिळून एक पान झालं.

सरांनी पान घेतलं, घडी घातली. "अहवालात घ्यायचं की नाही, ते सादरीकरणानंतर बघू. त्या दिवशी मात्र याचा उल्लेख नको."

*

तोपर्यंत नव्व्याण्णव ऑफिसभर पसरलं होतं. "एसी कधी दुरुस्त होणार?" "नव्व्याण्णव!" "सानिका, लग्न कधी?" "नव्व्याण्णव, ताई!" सरांनी एकदा ऐकलं आणि दारातूनच सुनावलं, "ही संशोधन संस्था आहे. इथे आकड्यांची थट्टा होत नाही."

*

सादरीकरणाला मुंबईहून शासनाचे मोठे साहेब आले. सरांनी पडद्यावर आलेख दाखवले, रेषा वर चढत गेल्या. आम्ही तिघं मागच्या रांगेत बसलो होतो. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"दामले, अहवाल सवडीने वाचेन. मला फक्त एक आकडा द्या. या वेगाने गेलो, तर सामान्य माणसाला उद्याची काळजी राहणार नाही, असं व्हायला किती वर्षं लागतील?"

सरांनी चष्मा काढला. खिशातून एक घडीचा कागद काढून उलगडला आणि बराच वेळ वाचला. मंगलताईंनी माझा हात दाबला.

"नव्व्याण्णव," सर म्हणाले.

साहेबांनी लगेच वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

"वा! निदान पुण्यात तरी कुणी नक्की सांगितलं!"