सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडे

पलूसला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. आमच्याकडची रीत अशी, की फॉर्म भरून झाला की माणूस पासवर्ड माझ्याकडेच सोडून जातो. "तुमीच ठेवा ताई, आमच्या कुठं ध्यानात ऱ्हातंय?" मशीन विचारतं, पासवर्ड साठवू का? मी म्हणते, साठव बाबा. रिटायर फौजी, ऊसवाले, कॉलेजच्या पोरी, सगळ्या भावकीच्या किल्ल्या त्या एका डब्यात. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

मग थोरल्या जाऊबाईंच्या लेकीचा ईमेल कुणीतरी उघडला आणि पासवर्डच बदलून टाकला. मिरजेच्या नर्सिंग कॉलेजचे सगळे निरोप त्यावरच यायचे. तिच्या मोबाईलवर कोड मागवून मी खातं परत मिळवलं, सीट वाचली. वाटलं, आता जाऊबाई चहा तरी पाजतील. कसलं काय! भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पासवर्ड तुझ्याबिगर कुणाला ठावं हुता गं?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. पण पासवर्ड दुसऱ्या कुणाला खरंच ठाऊक नव्हता. माझ्या पोरीला सीट मिळाली नाही म्हणून मी जळते, हेही त्या चार बायकांत बोलून मोकळ्या झाल्या. गिऱ्हाईक कमी झालं. जे यायचे ते माझ्या तोंडाकडे बघत बोलायचे.

मग मीही कुणाला सोडलं नाही. दीर दुपारी दुकानात पेपर वाचायला बसतात, ते नेमके मशीनपाशीच का? शेजारचा झेरॉक्सवाला सारखा आत का डोकावतो? एकदा तर वाटलं, जाऊबाईंनीच बनाव रचला असेल. चोराच्या उलट्या बोंबा! घरात मी कुणाशी धड बोलेना.

आमच्या उसात बिबट्या आला की पिंजऱ्यात शेळी बांधतात. मीही तेच केलं. एक नवीन ईमेल काढला, ना शेंडा ना बुडखा असला लांबलचक पासवर्ड दिला आणि तो दुकानातल्या मशीनमध्येच साठवला. कुणी खातं उघडलं तर माझ्या फोनवर निरोप येईल अशी सोय केली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. असलं खातं आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा ते उघडणाऱ्यानं पासवर्ड माझ्या मशीनच्या पोटातूनच उचलला, हे नक्की.

त्या आठवड्यात वाईला भावकीतलं लग्न होतं. दुकानाला कुलूप, मशीन बंद, घरची सगळी माणसं मांडवात. मला वाढायला उभं केलं, म्हणून फोन जाऊबाईंकडे पर्समध्ये ठेवायला दिला. चारचौघांत बोलणं भाग होतं ना! पंगत अर्ध्यावर आली तशी त्यांनी हाक मारली. "फोन वाजतोय गं तुझा. कायतरी इंग्लिशमधी आलंय."

शेळी खाल्ली होती कुणीतरी. कुठल्या तरी परदेशी गावातून खातं उघडलं होतं.

मी मठ्ठ्याची बादली खाली ठेवली आणि तिथंच सगळं सांगितलं. "आता बोला आक्का. माझा फोन कुणाकडं हुता?"

"माझ्याकडं."

"दुकान?"

"बंद हाय."

"आणि घरातली माणसं?"

"हितंच जेवत्यात की." त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "आगं, मग मशीनमधी कोण बसलंय?"

उन्हाळ्यात ते मशीन सांगलीला दुरुस्तीला दिलं होतं. परत आलं तेव्हा फोटोची साइज कमी करायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यात घालून दिलेलं. जाणत्या माणसाकडून तपासून घेतलं तेव्हा कळलं, मशीन चालू असलं की तेच साठवलेले पासवर्ड बाहेर पाठवत होतं. दुरुस्तीवाला शपथा घ्यायला लागला, "लोकं मागत्यात म्हणून टाकतो, मला काय ठावं?" खरं बोलला का खोटं, मला आजही सांगता येत नाही. मशीन पुसून कोरं करून घेतलं. मग एकेकाला बोलावलं, पासवर्ड बदलायला लावले आणि बजावलं, "आता कुणाला सांगायचा न्हाई, दाखवायचा न्हाई. मलासुदिक."

जाऊबाई लेकीला घेऊन आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "माझं चुकलं गं. लय वंगाळ बोलले तुला." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मलाही भरून आलं. इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला. लेक खुर्चीत बसली आणि नवीन पासवर्ड घालायला तिनं कीबोर्ड पुढे ओढला. मी सवयीनं तिच्या मागं उभी होते.

जाऊबाईंनी माझा हात सोडला. हळूच म्हणाल्या, "तू जरा भाईर थांबतीस का?"

मीच बजावलं होतं, कुणाला दाखवू नका म्हणून. मी बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिले.