भामाबाईची सात ताटं

मी संशयी माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी बोट दाखवायला नको. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर मी बावीस वर्षं वॉचमन होतो. पाळी सुटली की माणसं रांगेनं माझ्यासमोरून जायची आणि मी एकेकाचा डबा उघडायला लावायचो. कुणाच्या डब्यात भाकरीखाली तांब्याची तार निघायची, कुणाच्या पायमोज्यात बेअरिंग. हसून "रामराम काकासाहेब" म्हणणाऱ्यांतला जो जरा जास्तच हसायचा, त्याला मी हमखास बाजूला घ्यायचो. दहातल्या नऊ वेळा माझा अंदाज खरा निघायचा. दहाव्याची माफी मी कधी मागितली नाही.

रिटायर झालो आणि गावी आलो. गाव सोनईच्या अलीकडे, घर शाळेच्या बरोबर समोर. मुलगा आणि सून चाकणला नोकरीला, त्यामुळे नात ज्योती माझ्याकडेच असते, सहावीत आहे. तिचा पालक म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीत गेलो आणि कुणालाच नको होतं म्हणून अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. मला बरंच वाटलं. गेट सुटलं होतं, नजर सुटली नव्हती.

त्या नजरेत पहिल्यांदा आली ती भामाबाई.

भामाबाई म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई. पन्नाशीची असेल. मूळची पाथर्डीकडची, नवऱ्याबरोबर ऊस तोडायला आली, नवरा ट्रॉलीखाली सापडून गेला आणि ही इथंच राहिली. गेली नऊ वर्षं शाळेची चूल तिच्याकडे. हाताला चव आहे, ते मी नाकारत नाही. पण ही बाई खिचडी हलवता हलवता एकटीच हसते. ओठ पुटपुटतात, बोटं हलतात, आणि मधेच खुदकन हसू. शेजारी कोणी नाही, कानाला मोबाईल नाही. मी ओट्यावर बसून हे रोज बघायचो आणि म्हणायचो, पाणी कुठंतरी मुरतंय.

मग ताटं सुरू झाली.

शाळेला शंभर स्टीलची ताटं मी दिलेली आहेत, वडिलांच्या वर्षश्राद्धाला. प्रत्येक ताटात मशीननं नाव कोरून घेतलंय, "कै. रंभाजी यांचे स्मरणार्थ". एक दिवस बघतो तर शाळेच्या कठड्यावर सात ताटं ओळीनं मांडलेली, काही उताणी, काही पालथी. माझ्या बापाचं नाव धुळीत तोंड खुपसून! तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच रस्ता ओलांडला.

"भामाबाई, हे काय चालवलंयस?"

"काय न्हाई भाऊ, वाळाया ठिवल्यात."

"वाळायला? मग अर्धी उताणी कशाला?"

ती गोरीमोरी झाली आणि पदराला हात पुसत आत गेली. झालं! बावीस वर्षांत असा चेहरा मी शेकडो वेळा पाहिलाय. डब्याला हात घालायच्या आधीचा चेहरा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात ताटं, पण मांडणी वेगळी. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळी. मी वही केली. तारीख, वार, आणि डावीकडून एकेक ताट, उताण्याला "उ", पालथ्याला "पा". सोमवार: उ, पा, पा, उ, उ, पा, उ. मंगळवार: उ, पा, पा, उ, पा, उ, पा. तीन आठवडे, एक दिवस चुकवला नाही. ताप आला तरी गोधडी पांघरून खिडकीत बसलो.

आणि फळ मिळालं! रोज दुपारी छगनचा भाजीचा टेम्पो शाळेपाशी थांबतो, शाळेला मेथी-पालक देतो. एके दिवशी नीट बघितलं, तर हा पठ्ठ्या खाली उतरायच्या आधी कठड्याकडे टक लावून बघतो, ओठ हलवतो, मान डोलावतो. मगच उतरतो. कठड्यावर खूण आणि टेम्पोवाल्याला ती कळते! शाळेत तांदळाची पोती. आणखी काय पुरावा पाहिजे? ताकाला जाऊन भांडं लपवणारे मी पाहिले होते, ही बाई तर भांडंच खुणेला लावत होती.

त्यातच ज्योतीचं प्रकरण. संध्याकाळी मी चहा पीत होतो तर म्हणते, "आजोबा, शंभरच्या आतला एक आकडा मनात धरा. सात प्रश्नांत ओळखते."

मी त्रेसष्ट धरला.

"पन्नासच्या वर आहे?"

"आहे."

"पंचाहत्तरच्या वर?"

"नाही."

विचारत विचारत पोरीनं सहाव्या प्रश्नाला त्रेसष्ट सांगितला! माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"कुणी शिकवलं हे?"

"भामामावशीनं."

मनातलं ओळखायला शिकवते! आमच्या पोरांना! मधल्या सुट्टीत ही पोरं हातात चिठ्ठ्या धरून ओळीत उभी राहायची, शेजारच्याची चिठ्ठी बघून गपचूप जागा बदलायची, पुन्हा बघायची, पुन्हा बदलायची, आणि अचानक सगळी टाळ्या पिटायची, तेही आठवलं. ज्योतीला विचारलं, ते काय असतं? तर "काही नाही आजोबा" म्हणून पळाली. माझीच नात मला "काही नाही" म्हणते!

त्याच दिवशी तक्रार लिहिली. भामाबाई टेम्पोवाल्याला खुणा करून तांदूळ बाहेर काढत असावी, पोरांना भलत्या नादाला लावत आहे, सबब तिला कामावरून कमी करावं. खाली अध्यक्ष म्हणून सही ठोकली. शुक्रवारी समितीची बैठक लावली. भामाबाईचं दुसरं कुठलं काम नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत असून सही केली.

बैठकीला हेडमास्तर, समितीतल्या चार-पाच आया, दोन बाप्ये. छगनलाही बोलावून घेतलं होतं. भामाबाई दाराशी उभी. बस म्हटलं तरी बसेना. मी उभा राहून वही वाचली, सगळी, तारीखवार. वाचताना आवाज चढत गेला. पूर्वी गेटवर माल सापडला की चढायचा तसा.

हेडमास्तर म्हणाले, "भामाबाई, काय आहे हे?"

ती खाली बघत राहिली. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

"बघा," मी म्हणालो, "मूग गिळून गप्प. उत्तर असतं तर दिलं नसतं?"

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "सोमवारी सत्याहत्तर, मंगळवारी चौऱ्याहत्तर!" ज्योती होती. गजांना धरून बाहेर दहा-बारा पोरं लोंबकळत होती आणि माझ्या नातीचा चेहरा रागानं लाल झाला होता.

हेडमास्तरांनी तिला आत घेतलं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, सात ताटं आणली, टेबलावर धाडकन मांडली.

"आजोबा, उजवीकडून बघायचं. पहिलं ताट एकाचं. पुढचं दुप्पट, दोनाचं. मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. उताणं असेल तर धरायचं, पालथं असेल तर सोडायचं. तुमचा सोमवार बघा. चौसष्ट, आठ, चार, एक. किती झाले?"

मी मनात बेरीज केली. सत्याहत्तर.

"आज जेवायला किती, ते मावशी ताटांवर लिहिते. जो पहिला वाचील त्यानं घंटा वाजवायची. कॉम्प्युटर आकडे असेच ठेवतो. उताणं आणि पालथं, दोनच. दोनातून सगळं!"

छगन मागून खाकरला. "मला बी शिकिवलंय भाऊ. आकडा बगून मी दुसऱ्या दिसाची मेथी आनतो. मस मोबाईलवर सांगता आलं आसतं, पन वाचायला मजा येती."

आता भामाबाईला वाचा फुटली. "गेल्या साली आरती मॅडम हुत्या. एक डाव कॉम्प्युटर शिकवताना लाईट गेली, पोरं वरडाया लागली. मॅडम म्हनल्या, भामाबाई, सात ताटं द्या. त्येवढ्यावर समदं समजावलं. मी भांडी घासत आयकत हुते. म्हनल्या, कॉम्प्युटरला बाकी काय कळत न्हाई, उतानं का पालथं येवढंच कळतं. मी म्हनलं, आगं बया, ह्ये तर मला बी कळतं! मग त्याला येतं त्ये मला का येऊ नये?" बोलता बोलता तिचे डोळे चमकायला लागले. "मॅडमची बदली झाली संगमनेरला. पोरं हिरमुसली. मग मी मॅडमला फोनवर इचारते, त्या सांगत्यात, मी ताटावं, चिठ्ठ्यावं करून बगते, आन जमलं की पोरांस्नी दावते. लई गंमत हाय भाऊ त्यात. पुस्तकातलं पान हुडकायचं तर मधूनच उघडायचं, अर्धं टाकायचं, पुन्ना अर्धं टाकायचं. चिठ्ठीवरचा आकडा शेजारच्यापरीस मोठा आसंल तर जागा बदलायची, बदलत बदलत समदी वळ आपसूक लहानापासनं मोठ्यापतुर लागती. खिचडी हलवताना बी डोस्क्यात त्येच चालतं. मग हसू येतं."

"मग मला वाळायला ठेवलीत म्हणून खोटं का सांगितलंस?"

"खिचडीवाली कॉम्प्युटर शिकिवती म्हनलं आसतं तर तुमी हासला नसता?"

हसलो असतो. पण ते कबूल करायला मला शरम वाटली, आणि मला शरम वाटली की राग येतो. ज्योतीकडे वळलो. "तू तरी सांगायचंस!"

"तुम्ही विचारताच कुठं आजोबा? तुम्ही झडती घेता."

भर बैठकीत तोंडात मारल्यासारखं झालं. कुणी हसलं नाही, ते तर आणखी वाईट. मग मी तेच केलं जे गेटवर केलं असतं. डबा रिकामा निघाला की खिसे तपासायचे.

"हजेरीपट आणा," मी हेडमास्तरांना म्हणालो. "ताळा करू."

हजेरीपट आला. सोमवारी हजर शहात्तर. मंगळवारी त्र्याहत्तर. पानामागून पान उलटलं, तीन आठवडे. रोज ताटांवर एक जास्त. एकही दिवस सुटला नाही.

"एक ताट!" मी टेबलावर हात आपटला. "रोज एक ताट जास्त! शिकवण्याचं सोंग आणि मागल्या दारानं ताट बाहेर! कुणाला जातंय ते?"

ज्योती पांढरीफटक पडली. तिलाही हे माहीत नव्हतं. आया एकमेकींकडे बघायला लागल्या. हेडमास्तरांनी माझी तक्रार पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं. आता फक्त ठराव लिहायचा बाकी होता.

"भामाबाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही जेवता का इथं?"

"न्हाई गुरुजी. मी घरनं भाकर आनते. समद्यांनी बगितलंय."

"मग हे एक कोण?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"त्यो एक म्हंजे मी," ती म्हणाली. "शिकनाऱ्यांत मला कोन धरनार? म्हनून मीच धरलं. लहान हुते तवा आमच्या गावाला शाळंत नाव हुतं माझं. दिवाळी झाली की आईबापासंगं ऊस तोडाया कोयत्यावर जायाचं, गुढीपाडव्याला परत. मास्तर रोज नाव पुकारायचे म्हनं, आन मी तिकडं फडात मोळ्या बांधायची. तवा पटावर नाव हुतं, पन मी शाळंत नव्हते. आता मी रोज शाळंत हाय, तर पटावर नाव न्हाई. ताटावर धरलं तर कुनाचं काय जातंय, म्हनलं. चुकलं आसंल तर उद्यापासनं न्हाई धरनार. पन पोरांचं बंद नका करू भाऊ."

मी खाली बसलो. आठशे माणसांची झडती घेतलेला मी, आणि पहिल्यांदाच कुणी मला न विचारता आपला सगळा डबा उघडून दाखवला होता. मला माझीच लाज वाटली. खरी लाज, मागं राग नसलेली.

हेडमास्तरांनी विचारलं, "अध्यक्ष, ठराव काय लिहू?"

"तक्रार खोटी आहे, असं लिहा. लिहिणारा मीच आहे, असंही लिहा." मी तो कागद ओढून चार तुकडे केले. "आणि हजेरीत हिचं नाव घाला."

"तसं नियमात बसत नाही काकासाहेब. पट सरकारी आहे."

"मग पेन्सिलीनं घाला! खोडायला येईल ज्याला यायचं त्याला. तोवर मी बघतो."

त्यांना हसू आलं, पण पेन्सिल काही घेईनात. शेवटी मीच हजेरीपट पुढं ओढला आणि चष्मा लावला.

"भामाबाई, शाळेत तुमचं नाव काय होतं? लग्नाआधीचं?"

"भामा अंगद," ती म्हणाली.

सहावीच्या पानावर तळाला, शेवटच्या नावाखाली मी ते लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग उभा राहिलो, आणि गेटवर नावं पुकारायचो तसं मोठ्यानं पुकारलं, "भामा अंगद!"

ती दाराच्या चौकटीला धरून उभी, तोंडाला पदर. खिडकीतली पोरं खुसपुसायला लागली, मावशी, बोल ना, मावशी.

मी पुन्हा पुकारलं.

"हजर," ती म्हणाली.